करडी की पांढरी

पडदे बसवणाऱ्याला लांब गाडी लागते. कापडाची घडी घालता येते, पडद्याच्या दांडीची येत नाही. म्हणून, ज्याला सगळे पडदेवालाच म्हणत, त्या गृहस्थाने आयुष्यभर एकाच धर्तीची गाडी वापरली: डिझेलवर चालणारी, लांब पाठीची, मागची सीट पाडली की थेट मागच्या दारापर्यंत सपाट जागा होणारी. तो खिडक्या मोजायचा, बायको घरी पडदे शिवायची, मग तो ते नेऊन टांगायचा. संसार आणि धंदा दोघांनी मिळून असा चालवला होता.

एका हिवाळ्यात गाडी बोगद्याच्या मधोमध बंद पडली. मागे ट्रक, चहूकडून हॉर्न, आणि हा स्टिअरिंग घट्ट धरून बसलेला. कोणाला काही झाले नाही. गाडी ओढून काढली आणि ती भंगारात गेली. भीती मात्र त्याच्याबरोबर घरी आली आणि मुक्कामाला राहिली. खाली रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला की त्याच्या हातातली मोजपट्टी सुटायची.

मेहुण्याने हे बरोबर हेरले. त्याचे कापडाचे मोठे दुकान होते. भाऊजी, आता गाडीबिडी सोडा, माझ्याकडे कात्री धरा, सावलीत बसून काम, असे तो प्रेमाने म्हणाला. आणि महिनाअखेरपर्यंत सांगा, नाहीतर दुसरा माणूस बघतो, हेही तितक्याच प्रेमाने म्हणाला. म्हणजे एक तर गाडी घ्यायची, नाहीतर धंदा गुंडाळून मेहुण्याचा नोकर व्हायचे. बायको आपल्या भावाला ओळखून होती. तिने गाड्या शोधायला घेतल्या.

दोन सापडल्या. करडी होती एका कुत्री सांभाळणाऱ्या बाईंची. दाराला पोचा, सीटवर केस, काचा बंद केल्या की ओल्या कुत्र्याचा वास. इंजिन सुरू होताना दमेकऱ्यासारखे खोकायचे. पडदेवाल्याने वाकून खाली पाहिले, बॉनेट उघडायला लावले, आणि गाडी कधी मध्येच बंद पडली होती का, हे तीन तऱ्हांनी विचारले. बाई म्हणाल्या, या गाडीतून फिरलेल्या एकाही कुत्र्याने तक्रार केलेली नाही.

"अहो, गाडी घ्यायचीय की जावई शोधायचाय?" बायको कुजबुजली.

पांढरी एका दलालाच्या अंगणात उभी होती. करडीपेक्षा जुनी असूनही नव्या नवरीसारखी नटलेली. इंजिन धुऊन लख्ख केलेले, आवाज इतका मऊ की सुरू आहे की नाही कळू नये. बायकोचे मन तिथेच बसले. गिऱ्हाइकाच्या दारात उभी करायला लाज वाटणार नाही, असे तिचे म्हणणे. पडदेवाल्याने इथेही तोच प्रश्न विचारला. दलाल छातीवर हात ठेवून म्हणाला, "काका, ही बंद पडायचं नाव घेणार नाही."

चालवून बघायला तिघे निघाले. पडदेवाला चालवत होता, शेजारी दलाल, मागे बायको. घामाने स्टिअरिंग हातातून निसटत होते. बाजारामागचा चढ लागला, आणि अर्ध्या चढावर इंजिनाचा आवाज चढू लागला. त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घेतला. आवाज चढतच राहिला. त्याने क्लच दाबला, तर इंजिन किंचाळायला लागले. ब्रेक दाबून त्याने गाडी कशीबशी थांबवली. मागच्या काचेत पांढऱ्या धुराशिवाय काही दिसेना.

"चावी काढा!" दलाल ओरडला.

त्याने चावी काढली. चावी हातात, आणि इंजिन अजून किंचाळतेच आहे. कोणी चालवत नसताना ते यंत्र चालत होते. दलाल दार उघडून धूम पळाला. बायको मागचे दार ढकलत होती. ते उघडत नव्हते. लहान मुलांसाठीचे कुलूप लागलेले होते, आतून उघडणे शक्यच नव्हते. उतरून बाहेरून उघडावे, तर ब्रेकवरचा पाय काढताच गाडी उतारावरून मागे सुटणार. हातब्रेक त्याला आठवलासुद्धा नाही. बोगद्यात गाडी थांबली म्हणून तो भ्याला होता. आता ही थांबत नव्हती. उजवा पाय ब्रेकवर खिळला होता, आणि क्लचवरचा डावा लटलट कापत होता. कापता कापता तो घसरला. गाडीने एक जबर हिसका दिला, थरथरली, आणि गप्प झाली.

ब्रेक पूर्ण दाबलेला, गाडी वरच्या गिअरमध्ये. क्लच सुटताच इंजिन घुसमटून मेले. गॅरेजवाल्याने मागाहून सांगितले, की इंजिन आतून झिजलेले असावे, आवाज दडवायला त्यात तेल भरमसाट ओतले असावे, आणि ते स्वतःचेच तेल ओढून जाळत सुटले. चावीने फक्त डिझेल बंद होते. दुसरा उपाय नव्हताच, तुम्ही केलेत तेच करायचे असते, असेही तो म्हणाला. आपण काही केलेच नव्हते, हे सांगायला पडदेवाल्याची जीभ रेटेना.

त्या दिवशी मात्र त्याने उतरून बाहेरून मागचे दार उघडले, आणि दोघे फुटपाथवर येऊन बसले. दलाल परत येऊन इंजिन जरा तापले होते असे काहीबाही बोलू लागला, पण बायकोने नुसते वर पाहिले, तसा तो निघून गेला.

"तुझ्या भावाला फोन कर," पडदेवाला म्हणाला. "मला नाही जमणार."

"त्या दलालासारखं तुमचंही दार उघडत होतं," ती म्हणाली.

"ब्रेकवर पाय होता गं."

"तेच म्हणतेय मी." मग पदराने तोंड पुसून तिने भावाला नाही, कुत्रीवाल्या बाईंना फोन लावला.

गाडी आणायला गेले तेव्हा त्याने करडी सुरू केली, बंद केली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद केली. दरवेळी ती खोकली, आणि दरवेळी निमूट गप्प झाली. बाई फाटकाशी उभ्या राहून बघत होत्या. बायकोने तेवढ्यात मागच्या दारांची कुलपे सोडून घेतली.

भीती गेली असे म्हणता येणार नाही. बोगदा आला की तो आजही श्वास धरतो. गिऱ्हाइकाच्या दारात पोचल्यावर चावी काढून तो हातात धरतो आणि इंजिन खरेच गप्प झाले का, हे ऐकत बसून राहतो. लोकांना वाटते, काका दमले. आता बरोबर येणारी बायको शेजारच्या सीटवर दाराच्या कडीवर हात ठेवून तेच ऐकत असते. शांतता नीट पटली की दोघे उतरतात आणि दांड्या बाहेर काढतात.