आबांना सांगितलेलं खोटं

आबांना कशाचीच लाज नव्हती. गुदाशयाची गाठ म्हणताना आम्ही शिकलेली माणसं चाचरायचो; आबा भर दवाखान्यात मोठ्यानं विचारायचे, "मास्तर, आज पोट साफ झालं का न्हाई?" सगळी बाकडी वळून बघायची. मी मेल्याहून मेल्यासारखा व्हायचो.

आमची ओळख दवाखान्यातलीच; आजार दोघांचा एकच. ऑपरेशनआधी गाठ आकसावी म्हणून रेडिएशन आणि केमोच्या गोळ्या चालू होत्या. पुण्याला जायला गाडी मी तुंगार्लीहून ठरवायचो, आबा सोमाटणे फाट्यावर चढायचे. परतीच्या वाटेवर मला उलटी झाली की माझी पाठ चोळत त्या गाठीला अशा शिव्या हासडायचे, की तशा अवस्थेतही मला हसू यायचं.

उपचार संपल्यावर काही आठवडे थांबून दोघांची तपासणी झाली. डॉक्टरांनी बोटानं पाहिलं, दुर्बिणीनं पाहिलं, एमआरआय काढला. माझी गाठ विरली होती. जागेवर नुसता पांढरट वण. ऑपरेशन तूर्त नको, दर काही महिन्यांनी तपासत राहू, असं ठरलं. आबांची गाठ जेमतेम बारीक झाली होती. त्यांचं ऑपरेशन झालं, पोटावर शौचाची कायमची पिशवी आली, आणि तरी पुढं आजार लिव्हरला गेलाच.

औषध तेच, मशीन तेच, गाडीसुद्धा तीच. मग मीच का सुटलो? हा प्रश्न मला खायचा. माझी तपासणी झाली की आबांचा फोन ठरलेला. त्या खंगलेल्या आवाजाला "सगळं स्वच्छ आहे" सांगताना मला चोरी केल्यासारखं वाटायचं. एकदा ते मला जमलंच नाही. त्यांना आपली सोबत होईल, अशा कसल्याशा वेड्या समजुतीनं मी म्हणालो, "आबा, पुन्हा काहीतरी दिसतंय म्हणतात."

आबांनी फोन ठेवून दिला.

दोन-तीन दिवसांनी दारात गाडी थांबली. मुलाच्या खांद्यावर भार टाकून आबा उतरले. नुसती हाडं राहिली होती. पायरीवरच बसले आणि म्हणाले, रिपोर्ट दावा. मला खरं सांगावं लागलं. वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते ढसाढसा रडले.

"दोगांतला एक सुटला म्हनून मला डोळा लागायचा, मास्तर. तेबी काडून घेतलं व्हय तुमी? आता तुमचं कंचं खरं मानू?"

त्यानंतर आबा फार दिवस राहिले नाहीत. शेवटी त्यांना झोप लागायची का, हे त्यांच्या मुलाला विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.