मागं बसलेला साडू

साडूला समुद्रात बुडवायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. त्याला फक्त वल्हं मारायला लावायचं होतं, आणि तेही रडकुंडीला येईपर्यंत.

एका मोठ्या गटाबरोबर मालवणहून किनाऱ्याकिनाऱ्यानं रत्नागिरीपर्यंत कयाकनं जायचं, ही टूम त्याचीच. आम्ही दोघं सोलापूरचे. समुद्राशी आमचा संबंध सुट्टीत पँट वर दुमडून उभं राहण्यापुरता. पण टेंभुर्णीजवळ उजनीच्या फुगवट्यात काही रविवार सराव केला आणि साडू स्वतःला दर्यावर्दी समजायला लागला. त्याची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यामुळं सासुरवाडीत पहिला मान त्याचा, पहिलं ताट त्याचं, आणि माझ्याबद्दल काय बोलायचं ते ठरवायचा हक्कही त्याचाच.

आमची कयाक दोघांची होती, एकामागं एक बसायची लांबट, अरुंद होडी. पुढच्याला मागचा दिसत नाही. सुकाणू मागच्याच्या पायाशी. "सुकाणू अनुभवी माणसाकडं पायजे," म्हणून साडू मागं बसला. माझ्या बायकोनं दिलेला डबाही त्यानंच पायाशी ठेवून घेतला, म्हणे तोल राहतो. मी येडा, हो म्हणालो.

पहिल्या दिवसापासून मी मरणाचं वल्हवत होतो. दुपारी वारा समोरून यायचा, कयाक जागची हलायची नाही. मागून आवाज यायचा, "जोर लावा की राव! माझ्या एकट्यावर कसं चालायचं?" मला खरंच वाटायचं, आपणच कमी पडतोय. संध्याकाळी खांदे इतके दुखायचे की घास तोंडापर्यंत नेणं जिवावर यायचं.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागलो तेवढ्यात बायकोचा फोन आला. साडूनं तिच्या बहिणीला सांगितलं होतं आणि बहिणीनं सगळ्या माहेराला. "अहो, होत नसंल तर एसटी धरून परत या की," ती म्हणाली. "दाजी तुमाला ओढून ओढून बेजार झालेत म्हणं. माझी मान खाली जाती हो."

दुसरं कुणी म्हणालं असतं तर सोडून दिलं असतं. पण इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिला हे लगेच पटलं, ते मला फार लागलं. बोलणार काय कपाळ? मलाही तसंच वाटत होतं.

तिसऱ्या मुक्कामाला आमच्या मागून येणाऱ्या कयाकमधल्या पुण्याच्या बाई माझ्याशेजारी चहा घेऊन बसल्या. साडू आंघोळीला गेला होता. बाईंनी अगदी सहज विचारलं, "तुमच्यात ठरलंय का, एकानंच वल्हवायचं?"

"म्हणजे?"

"नाही, तुमचे मागचे गृहस्थ वल्हं मांडीवर घेऊन जेवत असतात. मजेत असतात हो. मधूनच एकदा पाण्यात बुडवतात."

माझ्या डब्यातली कडक भाकरी, माझ्या डब्यातली शेंगाचटणी, आणि मधून मधून एक डुबुक! त्या डुबुकवर मी तीन दिवस विश्वास ठेवला होता. अंगाची नुसती लाही लाही झाली. तेव्हा साडू समोर नव्हता ते बरं झालं.

सकाळी मात्र सगळ्यांसमोर अगदी गोड आवाजात म्हणालो, "साडूभाऊ, आज तुमी पुढं बसा. मागं बसून पाठ अवघडली असंल. सुकाणू मी बघतो." इतक्या लोकांत तो नाही कसं म्हणणार? बसला.

वारा सुटेपर्यंत मी इमानदारीनं वल्हवलं. वारा सुटला तसं वल्हं मांडीवर घेतलं. डुबुक. जरा थांबून परत डुबुक. साडूची मान ताठ झाली. तो आवाज त्याच्या चांगलाच ओळखीचा होता.

"तुमी मारताय न्हवं?"

"मारतोय की! जोर लावा राव."

त्याला सगळं कळलं होतं आणि बोलायची सोय नव्हती. मागचा माणूस नुसता बसून राहू शकतो हे तुमाला कसं ठाऊक, असं मी विचारलं असतं ना! तो घामानं निथळत होता, "आई गं, आई गं" करत होता. खरं सांगतो, इतकं छान मला माझ्या लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं. किनाराही त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला.

संध्याकाळी तो वाळूत आडवा पडला. तळहातांची सालटी निघाली होती. मी शेजारी बसलो, बाई काय म्हणाल्या ते सांगितलं, बायकोला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "सांगा तिला. तुमच्या तोंडानं."

त्याच्यात भांडायचं त्राण राहिलं नव्हतं. "ऐक गं," तो म्हणाला, "मी खोटं बोललो. मी मागं नुसता बसून होतो. सगळं ह्यांनीच ओढलं."

मी फोनचा आवाज आणखी वाढवला.

"दाजी," बायकोचा आवाज भरून आला होता, "किती मोठं मन हो तुमचं! ह्यांची लाज राखायला सगळं स्वतःवर घेताय."

"अगं, न्हाय, खरंच..."

"राहू द्या, कळतंय मला. संभाळून आणा तेवढं ह्यांना." फोन ठेवला तिनं.

साडू माझ्याकडं बघायला तयार नव्हता. रत्नागिरी अजून एक दिवस लांब होती आणि वारा समोरूनच असणार होता.

"साडूभाऊ," मी म्हणालो, "उद्या पण तुमीच पुढं."