गादीला फुटलेले अंकुर

तीन आठवड्यांपूर्वी करीमभाई पिंजारी शाळेच्या दाराशी येऊन उभे राहिले. खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली होती; पण तिची तार वाजली नव्हती. त्या टणत्काराशिवाय दिग्रसच्या गल्लीतून येताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते. “गुरुजी, शेवंताबाई गेली,” एवढेच ते म्हणाले...

शेवंताबाईंची नि माझी ओळख कचऱ्यामुळे झाली. जिनात कापसातून सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. मागे उरते ती पानाकाड्यांनी भरलेली, धुळकट रुईची झाडण. शेवंताबाई तिथे झाडू मारीत. हीच झाडण त्या मालकाकडून विकत घेत, उन्हात वाळवून झोडपीत, करीमभाईंकडून पिंजून घेत आणि शिंप्याकडच्या चिंध्या जोडून शिवलेल्या खोळींत भरीत. त्यांच्या वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन तेव्हा दोनेक वर्षे झाली होती. गावकीची हलकी कामे वस्तीने सोडली होती. म्हणून त्यांचे थोरले दीर चिडत. “बुद्धाले शरण गेली अन् अजून कचराच उचलून राह्यली?” त्यावर बाईंचे उत्तर तयार असे. “उचलून नाही, भाऊजी, इकत घेऊन राह्यली. धंदा हाय हा!”

मी एका वसतिगृहाची व्यवस्था पाहत होतो. तिथल्या सगळ्या गाद्यांचे काम मी त्यांना दिले. गाद्या पसंत पडल्या तर हातातला झाडू सुटणार होता. बिघडल्या तर दिरांचे म्हणणे खरे ठरणार होते. नेमके त्याच वेळी करीमभाई मेहुण्याच्या लग्नाला पुसदला गेले. बाईंना धीर धरवेना. त्यांनी झाडण नुसतीच काठीने झोडपली आणि भरली. तारेच्या माराने रुईत अडकलेली सरकी खाली झडते. काठीने ती सगळी झडत नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

पावसाळ्यात एक गादी ओसरीच्या पागोळ्यांखाली राहून गेली. आठवड्याने पाहतो तो काय, शिवणीतून हिरवे अंकुर डोकावत होते!

परतलेल्या करीमभाईंनी कपाळावर हात मारला. “बाई, गादी इकली का वावर इकलं?” दीर तर पोट धरून हसले. शेवंताबाईही हसल्या, मग पदर खोचून म्हणाल्या, “गुरुजी, साऱ्या गाद्या अंगणात काढा. इथंच उसवतो, साऱ्यांच्या देखत.”

अंगणभर रुई पसरली. तार दिवसभर टणत्कारत राहिली. दीर कठड्याला टेकून गंमत बघत होते. बाईंनी एक रिकामी खोळ त्यांच्यापुढे धरली. “पाहून काय राह्यले, भाऊजी? तोंड धरा हिचं.” त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिले, मग मुकाट्याने धरले. संध्याकाळपर्यंत ते स्वतःच करीमभाईंना बजावत होते, “नीट पिंज बाबा, आमच्या घरचा धंदा हाय!”

त्या गाद्यांवर मुले अजून झोपतात. जिनातला झाडू बाईंनी पुन्हा हाती धरला नाही. ते अंकुर मात्र त्यांनी शाळेच्या कुंपणालगत लावले होते. त्या झाडांच्या पहिल्या बोंडांतली रुई भरून त्यांनी माझ्या खुर्चीसाठी एक छोटी गादी शिवली. “एक सरकी आत ठेवली हाय, गुरुजी. टोचली का मले याद करा.”

ती अजून टोचते. आमच्या मंडळींनी परवा उसवून काढू का म्हणून विचारले. मी नको म्हटले. पावसाळ्यात मात्र खुर्ची खिडकीपासून दूर ठेवतो.