जानवशातला जोकर

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही, ही गोष्ट माझे थोरले साडूभाऊ सोडून सर्वांना मान्य आहे. जवळा बाजारात लोक सोयाबीनमधल्या ओलाव्याखेरीज दुसऱ्या पाण्याची फारशी चर्चा करत नाहीत. तिथे या गृहस्थाने कापूस साठवायच्या खोलीत समुद्र भरून ठेवला आहे. पोत्यातलं मीठ, बोअरचं गाळलेलं पाणी आणि रात्रंदिवस बुडबुडणारे पंप, एवढ्यावर तो चालतो. त्यात इंडोनेशियाहून विमानाने चेन्नईला आणि तिथून थर्माकोलच्या खोक्यांत बसून इथवर आलेले मासे राहतात. काही हळदीसारखे पिवळे, काही नवरीच्या शालूसारखे जांभळे, आणि काही नारिंगी अंगावर पांढरे पट्टे ओढलेले जोकर. नांदेड-हैदराबादचे हौशी लोक येतात, चहूबाजूंनी शेतं पाहून बिचकतात आणि समुद्री मासे इथेच मिळतात ना, असं विचारतात. साडूभाऊ बाही सारखी करत म्हणतात, "या ना, दावतो." त्या वेळी मी शेजारी असलो की छाती माझी फुगते.

औंढ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात त्यांनी मलमपट्टी करणारे ड्रेसर म्हणून सगळी नोकरी काढली, त्यामुळे जंतूंशी त्यांचं वैर खानदानी आहे. मत्स्यखोलीच्या दारात लाल औषधाच्या पाण्याची परात असते. तीत पाय बुडवल्याशिवाय आत प्रवेश नाही, मग तुम्ही गिऱ्हाईक असा नाहीतर सरपंच. आमचे ऐंशी वर्षांचे सासरे पुसेगावहून पहिल्यांदा मासे पाहायला आले, तेव्हा त्यांनाही धोतर वर धरून परातीत उभं केलं. मी जीव मुठीत धरून पाहत होतो. सासरे शांतपणे म्हणाले, "लग्नात म्या ह्याचे पाय धुतले, आता ह्यो माझे धुऊन राहिला. फिटंफाट झाली."

नव्या माशांना घरच्या टाक्यांत थेट जागा मिळत नाही. त्यांच्यासाठी अंगणापलीकडे वेगळी खोली आहे आणि तिचं नाव जानवसं. वऱ्हाड आधी जानवशावर उतरतं, एकदम मांडवात घुसत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. तिथला मुक्काम तीस दिवसांचा. तिथली जाळी निळी, घरची पांढरी. बादल्या वेगळ्या, टॉवेल वेगळे, चपलासुद्धा वेगळ्या. तिथलं पाणी ब्लीचिंग पावडर घालून मुरवल्याशिवाय नालीचं तोंड पाहत नाही. मासा मेलाच तर तो पिशवीत, पिशवीवर तारीख, आणि पिशवी फ्रिजमध्ये, तपासणीला पाठवायला. पहिली पिशवी दह्याच्या शेजारी सापडली त्या दिवसापासून माझ्या मेहुणीने घरात दही लावणं बंद केलं. प्रत्येक मरणाची नोंद वहीत होते. "ज्याच्या वहीत मेलेला मासा न्हाई, त्याची वहीच मेलेली," असं ते ऐकवतात.

मागे त्यांनी स्वतःच्या नावाने परदेशातून मासे मागवायच्या परवानगीसाठी अर्ज केला. तोवर ते चेन्नईच्या व्यापाऱ्याकडून घ्यायचे. परवानगीआधी जानवशाची तपासणी करायला अधिकारी बाई येणार होत्या. साडूभाऊंनी दोन महिने दुसरं काही बोलणंच सोडलं होतं. त्याच सुमारास त्यांना आठवडाभर नांदेडला जावं लागलं, आणि माशांच्या दाणापाण्याची किल्ली माझ्या हाती आली.

जानवशात तेव्हा एकच जोकर होता. कोपऱ्यात गप्प. अठरा दिवस झालेले, अंगावर एक डाग नाही. मला वाटलं, आलेल्या पाहुण्याला असं बाहेर बसवून ठेवणं आपल्यात शोभतं का? मी निळ्या जाळीने त्याला उचललं, घरच्या टाकीत सोडलं आणि वर म्हणालो, घर आपलंच समजा.

त्याने समजलं. साडूभाऊ परतले तेव्हा तपासणी दुसऱ्या दिवसावर आली होती आणि घरच्या माशांच्या अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके उठले होते. दोन मेले. मी कबुली दिली. एवढंच नव्हे, मेलेले पुरून टाकू, वहीचं पान फाडू आणि बाईंना रिकामं जानवसं दाखवू, असा सल्लाही दिला. साडूभाऊंनी खडू घेऊन मत्स्यखोलीच्या दारावर लिहिलं, 'जानवसं, दिवस पहिला.'

बाई परातीतून आत आल्या. चहाच्या आधी साडूभाऊंनी दोन पिशव्या पुढे ठेवल्या आणि वही उघडली. 'तीस दिवस पुरे न होता मासा हलवला. चूक माझी.' माझं नाव कुठेच नव्हतं. हे लपवता आलं असतं, असं बाई हळूच म्हणाल्या.

"माझ्या बापानं बाजारातून बैल आणला, मॅडम," साडूभाऊ म्हणाले. "लई देखणा. पाव्हणा बाहेर कशाला, म्हणून त्याच सांजेला दावणीला बांधला. घटसर्प निघाला. आठ दिवसांत चार जनावरं गेली. बाप काही वाईट नव्हता. मायाळू होता."

माझ्याच्याने राहवलं नाही. "जोकर मी हलवला, मॅडम."

"व्हय, पण किल्ली म्या दिली व्हती," साडूभाऊ म्हणाले.

परवानगी त्या दिवशी मिळाली नाही. तीस दिवसांनी परत येते, असं सांगून बाई गेल्या. बोलल्याप्रमाणे आल्या, वहीचं पान न् पान वाचलं, आणि आता परवानगीचा कागद काचेच्या चौकटीत परातीच्या बरोबर वर टांगलेला आहे. मी तो पाहुण्यांना इतक्या तोऱ्यात दाखवतो, जणू सही माझीच आहे.

जोकर औषधाने बरा झाला. तरी साडूभाऊंनी तो विकला नाही आणि घरातही घेतला नाही. दिसण्यावर जायचं नाही, एवढंच म्हणाले. जुन्या न्हाणीघरात त्याची एकट्याची टाकी आहे, ते त्याचं कायमचं जानवसं. रोज संध्याकाळी सगळी कामं आटोपली की साडूभाऊ चहाचा कप घेऊन तिथे स्टुलावर जाऊन बसतात. काहून बसता, असं मी एकदा विचारलं.

"पाव्हणा हाय," ते म्हणाले. "बाहेर ठेवला म्हणून एकटा ठेवायचा का?"

मी तिथल्या दारातल्या परातीत पाय बुडवले आणि दुसरं स्टूल ओढलं.