मनोरचा माल, तारापूरचं गेट आणि हरेश्वरकाकांच्या शेजारची सीट

"बाबांबरोबर एक फेरी मारून ये. वाटेत कुणाशी भांडला नाहीस, तर तुझा विषय मी घरी काढीन. भांडलास, तर विषय संपला."

जागृती एवढं बोलली आणि पावती फाडून पुढच्या ड्रायव्हरला दिली. माझ्या मागे गाड्या हॉर्न मारत होत्या. एरवी मी खाली उतरून त्यातल्या एकाला तरी कायदा शिकवला असता. त्या दिवशी सगळ्यांना हात जोडले आणि टेम्पो गुपचूप बाजूला घेतला. प्रेमात माणसाचं काय काय होतं बघा!

ओळख करून देतो. जागृती बोईसर-चिल्हार रस्त्यावरच्या एका वजनकाट्यावर कामाला आहे. गाडी लोखंडी फलाटावर चढवायची, ड्रायव्हरने खाली उतरायचं, आणि काचेच्या केबिनमधून ती माईकवर सांगणार, "पुढे घ्या... अजून... बास!" त्या "बास"मध्ये एवढा दम आहे की भरलेला ट्रक जागच्या जागी गप्प होतो. मग माझी काय कथा!

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी सरांशी वाजल्यावर कॉलेजला रामराम ठोकला. मित्राचा टेम्पो चालवता चालवता हेवी लायसन्स काढलं, पण मोठी गाडी कोणी हातात देईना. जागृतीचे बाबा, मुरब्याचे हरेश्वरकाका, यांचा स्वतःचा सहाचाकी ट्रक आहे. होडी भावाच्या वाट्याला गेली तेव्हा काकांनी ट्रक घेतला. त्यांचा क्लीनर जव्हारकडे घरचं भात कापायला गेला होता. जागृतीने घरी सांगितलं, "काट्यावर एक मुलगा येतो, लायसन्स आहे, न्या त्याला." यापलीकडे काकांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

फेरी अशी होती: मुरब्यातून सुक्या बोंबलाची पोती पालघरला. तिथून रिकामी गाडी मनोरला. मनोरच्या गोदामातून कागदाची रिळं भरून हायवेने चिल्हार फाटा, मग बोईसर, आणि तारापूर एमआयडीसीत माल खाली. सगळं मिळून शंभर किलोमीटरही नाही. मला वाटलं, संध्याकाळी घरी. लागले दोन दिवस! तेव्हा ट्रकवर जायची स्वप्नं बघणाऱ्यांनो, आधी हे समजून घ्या: ट्रकचा प्रवास म्हणजे चालणं कमी आणि थांबणं जास्त. ज्याला थांबता येत नाही त्याने या भानगडीत पडू नये. मला थांबता येत नाही.

निघताना बरोबर काय घ्यायचं? पाण्याचा मोठा कॅन, कारण वाटेत पाणी मिळतं पण हात धुवायला कोणी देत नाही. गाडीच्या कागदांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत, आणि लायसन्स खिशात. सेफ्टी शूज घ्याच. चपलेवर आलेल्या ड्रायव्हरला एमआयडीसीत बऱ्याच ठिकाणी गेटवरूनच परत पाठवतात. आणि पाठीमागे ठेवायला घडी केलेला टॉवेल. मी टॉवेल नेला नाही. माझी कंबर अजून माझ्याशी बोलत नाही.

मुरबे ते मनोर

सकाळी मुरब्यात पोती चढवली. समोर खाडीपलीकडे सातपाटी उन्हात चमकत होती, आणि मी मात्र डोक्यापासून पायापर्यंत बोंबील झालो होतो. काका पोती मोजता मोजता म्हणाले, "नाव काय तुझं?"

मी नाव सांगितलं.

"शिकलास किती?"

"कॉलेज अर्ध्यावर सोडलं."

"बरं. मग कॉलेज म्हनतो तुला. जेवढं सोडलंस तेवढं तरी नावात राहू दे."

रागाचा पहिला घोट तिथेच गिळला. असे पुढे बरेच गिळायचे होते.

निघण्याआधी काकांनी हातात लोखंडी सळई दिली आणि सहाही टायर ठोकायला लावले. ही सवय लावून घ्या. हवा भरलेला टायर ठणठणीत वाजतो, कमी असेल तर आवाज बसका येतो. रोज सकाळी हे करायचं, आळस करायचा नाही.

काका गाडी कासवाच्या चालीने हाकतात आणि तोंड मात्र एक्स्प्रेस. उमरोळीच्या अलीकडे त्यांना शॉर्टकट आठवला. शॉर्टकटच्या टोकाला नवरात्राचा मांडव! अख्खा रस्ता बांबूंनी अडवलेला, कार्यकर्ते आमच्याकडे बघून हसतायत. मी खाली उतरून "येऊ द्या, येऊ द्या" करत गाडी मागे मागे काढली. वर चढलो तर काका म्हणतात, "तुझ्या बडबडीनं वळन चुकलो."

मी उमरोळीपर्यंत एक शब्द बोललो नव्हतो! जीभ दातांत धरली. डोळ्यांसमोर काचेची केबिन आणली. म्हणालो, "चुकलं माझं, काका."

काकांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मला ताप आलाय.

पालघरच्या बाजारात पोती उतरवली, ट्रकच्या हौद्याची फळी पाण्याने धुतली आणि मनोरचा रस्ता धरला. वाघोबा खिंड लागली की बहुतेक सगळे ड्रायव्हर देवळाकडे बघून हात कपाळाला लावतात. मीही लावला आणि काय मागितलं ते तुम्हाला कळलंच असेल. काका मला विचारत होते, "उतरताना गियर कोनता?" मी म्हणालो, चौथा. "चढताना कोनता लागला?" दुसरा. "मग उतरताना पन तोच. नुसत्या ब्रेकवर उतरलास तर ब्रेक तापतो, मग वाघोबा पन काय करनार?" भरलेली गाडी घाटात उतरवताना हे विसरू नका.

मनोरच्या गोदामात सुपरवायझरने नाक दाबलं. "ट्रक आणलाय की मासळी बाजार? माझा माल यात जाणार नाही."

काकांच्या मानेची शीर टरारून आली. मला वाटलं, आता पेटतात. पण त्यांनी डोळे मिटले आणि चक्क हसले! "धुतो साहेब, परत धुतो." मग मी फिनेल टाकून फळी घासली, काकांनी पाणी मारलं. दोघंही इतके गोड वागत होतो की सुपरवायझरलाच संशय आला. त्याने दोनदा विचारलं, गाडीचे कागद खरे आहेत ना?

रिळं चढल्यावर ताडपत्री. नव्या लोकांसाठी सांगतो: दोन ताडपत्र्या असतील तर पुढची मागचीच्या वर यायला हवी, म्हणजे वारा आत शिरत नाही. दोर कितीही ताणा, थोडं अंतर गेल्यावर गाडी बाजूला घेऊन परत ताणा. माल बसला की दोर सैल पडतो.

हायवे, ढाबा आणि ती

दुपारी हायवेवर जेवलो. ढाबा निवडायचा साधा नियम म्हणजे जिथे ट्रक जास्त आणि मोटारी कमी, तिथे थांबा. थाळी सव्वाशेला, ताक वेगळं. पोटभर भात खाऊन लगेच स्टिअरिंगवर बसू नका, झोप गाठते. शेजारच्या बाजेवर एक सरदारजी ड्रायव्हर फोनवर बायकोला शपथेवर सांगत होते, "हाँ हाँ, सब्जी ही खाई है." पुढ्यात चिकनची हाडं. फोन ठेवून त्यांनी मला सल्ला दिला, "बेटा, घर पे रोज एक ही टाइम फोन करना. टाइम बदला तो सवाल बढ़ते हैं." मी तो मनावर कोरून घेतला. सवाल विचारणारी अजून घरात आली नव्हती, पण तयारी असलेली बरी!

जेवणानंतर काकांनी स्टिअरिंग माझ्या हातात दिलं. चिल्हार फाट्यावरून गाडी आत वळवली आणि मी आरशात बघून एका हाताने केस सारखे केले. कारण भरल्या गाडीचं वजन करायचं होतं. तिच्याच काट्यावर.

"पुढे घ्या... अजून... बास!"

थांबलो. एका फुटाचाही फरक नाही. खाली उतरून मी आणि काका अनोळख्यासारखे उभे. काचेआडून माईक खरखरला, "सगळं ठीक?"

"ठीक," मी म्हणालो.

"ठीक, ठीक," काकाही घाईने म्हणाले आणि त्यांनी घाम पुसला. काका कशाला घाबरले, हे मला तेव्हा कळलं नाही. मी हवेत होतो.

तारापूरचं गेट

कंपनीच्या गेटवर नंबर मिळाला आणि कळलं की आज माल खाली होत नाही. रात्र केबिनमध्ये काढायची. झोपण्याआधी चाकाखाली दगड लावा, काच चार बोटं उघडी ठेवा आणि मागच्या गाडीवाल्याला सांगून झोपा, नाहीतर रांग पुढे सरकते आणि तुम्ही घोरत राहता.

सकाळी आमच्यापुढे अजून बऱ्याच गाड्या होत्या. आणि काकांना साखरेचा आजार आहे. ज्यांच्या घरी साखरेचा माणूस आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

काका गेटवर गेले. वॉचमन बिहारकडचा, माझ्याच वयाचा. "चाचा, अंदर का बाथरूम स्टाफ का है. ड्राइवर लोग बाहर."

बाहेर म्हणजे रस्त्याकडेचं गटार, आणि पहिल्या पाळीला निघालेल्या बायकांची रांग. काका परत आले. थोड्या वेळाने पुन्हा गेले, पुन्हा परत आले. तिसऱ्यांदा ते भिंतीला हात लावत आले, चेहरा पांढरा, आणि म्हणाले, "जाऊ दे."

मी जागृतीला आठवलं. "विषय संपला" आठवलं. खरंच आठवलं हो. आणि दार उघडून उडी मारली.

"ओ भाई! माल अंदर चलता है और माल लानेवाला आदमी नहीं चलता?"

दुसरं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं, कारण मागून काकांचा आवाज फुटला. एका होडीतून दुसऱ्या होडीत हाक मारायचा तो आवाज. "म्हातारा मानूस हाय मी! बायका जातात तिथं उभा राहू काय? लाज हाय का नाय तुमाला?"

वॉचमनही पेटला. "मुझ पे क्यों चिल्ला रहे हो चाचा? मैं कल रात से खड़ा हूँ! मेरे पास भी चाबी नहीं है. मैं खुद झाड़ी में जाता हूँ!"

काकांचा वर गेलेला हात खाली आला.

"तुला पन नाय?" काकांनी विचारलं.

"नहीं है ना."

"मग मेल्या, तू कुनाच्या बाजूनं भांडतोयस?"

वॉचमनने क्षणभर विचार केला. मग आत फोन लावला, "साहब, बाहर बहुत हल्ला-गुल्ला हो रहा है," आणि आमच्याकडे बघून डोळा मारला. बस्स! रांगेतल्या प्रत्येक ट्रकवाल्याने हॉर्नवर हात दाबला. इस्त्रीच्या शर्टातले एक साहेब धावत बाहेर आले. कँटीनजवळच्या संडासाची चावी मिळाली. भांडणाची सुरुवात केल्याबद्दल आमचा नंबर मात्र रांगेच्या शेवटी गेला.

काका आत गेले ते वरातीतल्या नवरदेवासारखे. मग एकेक ड्रायव्हर. सगळ्यात शेवटी वॉचमनने आपली काठी माझ्या हातात दिली. "भैया, दो मिनट गेट देखना." आणि मी गेट सांभाळलं! एका टेम्पोला तर मी चपलेवरून परतही पाठवलं.

मजा ओसरली आणि मग लक्षात आलं. भांडलो होतो. माल खाली होईपर्यंत मी एका दगडावर बसून होतो. काकाही गाडीभोवती फेऱ्या मारत होते. निघताना म्हणाले, "काट्यावर यातलं काय बोलू नको."

काट्यावर

रिकाम्या गाडीचं वजन. खाली उतरलो. मागे नेहमीसारखी रांग. माईक खरखरला.

"भांडण झालं का?"

"हो," मी म्हणालो. खोटं बोलून तिला मिळवायची म्हणजे जन्मभर तेच खोटं सांभाळायचं, ते मला जमलं नसतं.

"नाय," काका त्याच क्षणी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू कशाला हो म्हनतोस? तिनं मला विचारलं!"

"मला विचारलं, काका."

"तुला कशाला विचारंल? बीपी माझं, भांडनानं पळालेले क्लीनर माझे. शपथ मला घातलीय तिनं, ह्या पोराशी पन भांडायचं नाय नि कुनाशीच नाय." काका थांबले. "...तुला कशाची शपथ घातली?"

मी टायरकडे बघायला लागलो. काचेआड जागृतीने माईक बंद केला. मागच्या गाडीतून आवाज आला, "चाचा, समझ जाओ ना! मेरी गाड़ी खड़ी है."

काका समजले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता, कारण त्यावर काहीच दिसत नव्हतं. मग म्हणाले, "गाडीत चढ."

"काका, मी..."

"चढ म्हनतो ना!"

चढलो. काका काचेकडे तोंड करून ओरडले, "आता काटा किती वाढला ते वाच."

माईक खरखरला. "साठ किलो."

"त्यात राग धरलाय का?"

माईक पुन्हा खरखरला. "धरलाय."

"राग धरून साठ?" काका म्हणाले. "मग झेपंल."

सगळी रांग हसली. मी केबिनमध्ये एकटा, खाली उतरू की नको ते कळेना. काकांनी पावती घेतली, घडी घालून खिशात ठेवली आणि वर न बघता म्हणाले, "रविवारी मुरब्याला ये. एकटा नको येऊ. घरचं मोठं मानूस घेऊन ये."

घरी

पालघरला घरी पोहोचलो तेव्हा अंगाला बोंबील, डिझेल आणि फिनेलचा असा काही वास होता की शेजाऱ्यांचं कुत्रं बिस्किट न मागता निघून गेलं. ट्रकने मला थांबायला शिकवलं, असं लिहिणार होतो. खोटं आहे. रविवार अजून उगवलेला नाही आणि मी घरात येरझाऱ्या घालून आईला चक्कर आणली आहे. राहिलं ते एवढंच: गेटबाहेर तासन् तास उभी असलेली ट्रकची रांग आता मला नुसती रांग दिसत नाही. प्रत्येक केबिनमध्ये कोणीतरी कळ सोसत बसलेला असतो. तुमच्या हातात कुठल्या गेटची चावी असेल, तर उघडा राव.

आईला सगळं सांगितलं. जागृती कशी आहे, कशी हसते, काचेआड कशी दिसते, बराच वेळ बोललो. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "ते राहू दे. ओरडते का तुला?"

"ओरडते. माईकवरून."

आईने सूप खाली ठेवलं.

"मग जाऊ या," ती म्हणाली.