तात्यांची मोसंबी

तात्या गेल्याचा मुलीचा फोन आला तेव्हा मी गवार निवडत होते. भाजी फ्रिजमध्ये ठेवली, शेजारी किल्ली दिली आणि नारायण पेठेतून वारज्याला निघाले. पोचेपर्यंत चौकात फ्लेक्स लागलाही होता. ‘काळ्या आईचा सच्चा सुपुत्र.’ तात्या माझे व्याही, मुलीचे सासरे. त्यांनी कधी नांगर धरल्याचं त्यांच्या बायकोलाही आठवत नाही. जमीन आधी वाट्याने दिली, मग बिल्डरला दिली, आणि तिच्यावरच्या इमारतीत बाराव्या मजल्यावर हा सुपुत्र कडक पांढऱ्या कपड्यांत बसून पावसाचे अंदाज सांगत असे. ते बहुतेक चुकत. माझ्याकडे आले की स्वयंपाकघरातल्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचत. “विहीणबाई, मिठावर ‘मीठ’ लिवलंय. चव कळत न्हाई व्हय?” आता मुलगी म्हणते, तात्यांवर लिही, पण नीट लिही. नीट म्हणजे गोड. ते फ्लेक्सवाल्यांनी करून झालं आहे...

नातवंडं लहान होती तेव्हाची गोष्ट. सई सहा वर्षांची, अर्णव चार. मोसंबी कुठून येते, या प्रश्नाला सईने “ज्यूसच्या दुकानातून” असं उत्तर दिलं आणि तात्यांना ते फार लागलं. लगेच कृषी प्रदर्शनाला जायचं ठरलं. मी पाणी, टोप्या, जादा कपडे आणि पोरांच्या खिशात फोन नंबराच्या चिठ्ठ्या अशी तयारी केली. “प्रदर्शनाला चाललोय, का हिमालयात?” तात्या म्हणाले. स्वतः हात हलवत आले आणि फाटकातच माझी बाटली रिकामी केली. प्रदर्शन तरी कसलं... पाय चोळायचं यंत्र, गुडघ्याचं तेल, न चिकटणारा तवा, गाद्या. शेतकरी तेवढा कमानीवर रंगवलेला. अर्णव बैल बघून किंचाळला, सईला फक्त ट्रॅक्टरवर बसून फोटो हवा होता. तात्या प्रत्येक रोपाचं पान दोन बोटांत चुरगळून “नुसता दिखावा” म्हणत पुढे सरकत होते. शेवटी एका रोपवाटिकेच्या स्टॉलवर त्यांनी मोसंबीचं कलम घेतलं. तिथली मुलगी म्हणाली, “काका, हे जंबेरीवर, म्हणजे रानटी लिंबाच्या खुंटावर बांधलंय. जोडाच्या खालून फूट आली की काढत जा, नाहीतर आंबट जंबेरीच वाढेल.”

“आता तू मला शिकीवणार व्हय?” तात्या म्हणाले, आणि पोरांकडे वळले. “आपल्या झाडाची मोसंबी खायला घालतो तुमाला. आपल्या!”

कलम बाराव्या मजल्याच्या गॅलरीत, ड्रममध्ये लागलं. जोडाखालून जोरदार फूट आली, तात्यांनी ती सगळ्या इमारतीला बोलावून दाखवली. वरचं मोसंबीचं कलम तोवर वाळून गेलं. मी म्हटलं, “तात्या, मोसंबीला एवढे काटे?”

“पेठेत मोसंबी हातगाडीवर उगवती. तुमी नका सांगू.”

असली बढाई मी ऐकून घेत नाही. चष्मा लावून त्यांना जोड दाखवला. ही जंबेरी आहे, उपटा, नवीन आणा. तात्या कठड्यावरून खाली बघत राहिले. त्यांचा मळा होता तिथे आता पार्किंग आहे... मग हळूच म्हणाले, “म्हाईत हाय मला. पोरं रोज पाणी घालत्यात. त्यांना सांगू नका.”

“स्टॉलवरच्या त्या मुलीचं ऐकलं असतं तर?”

“तर तुमाला बोलायला काय ऱ्हायलं असतं?”

तेराव्याला हॉलमध्ये माणसं माइक धरून मातीबद्दल बोलत होती. बोलणाऱ्यांत तो बिल्डरही होता. मी पोरांना घेऊन गॅलरीत गेले. झाडाला यंदा पहिल्यांदाच फळं धरली होती, बरीच हिरवी आणि एकच पिवळं, खडबडीत. पोरं आता मोठी झाली आहेत. सईने फळ कापलं, वास घेतला. “आजी, ही मोसंबी नाहीये.”

“तात्या म्हणाले होते मोसंबी आहे,” अर्णव म्हणाला. त्याने फोड तोंडात घातली, डोळे गच्च मिटले आणि तशीच गिळली. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागली. माझ्या घरात चुकीच्या नावाची बरणी टिकत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

“पहिलं फळ असंच निघतं,” मी म्हटलं. असं काही नसतं.

चौकातल्या फ्लेक्सच्या जागी आता कुणाचा तरी वाढदिवस आहे. जावयांना गॅलरीला काचा लावायच्या होत्या, म्हणून ड्रम माझ्याकडे आला. काढताना दोन माणसं लागली, आणि कपडे वाळत घालताना काटे रोज माझा हात ओरबाडतात. बाकीची फळं पिकली तशी मी त्यांचा पाक केला. साखर दुप्पट लागली. पोरं रविवारी येतात आणि सरबत मागतात. बरणी फळीवर, मिठाशेजारी आहे. तिच्यावरही चिठ्ठी आहे, माझ्याच अक्षरात... ‘मोसंबी’.