जवळ कोण होतं?

सर आधी चष्मा काढायचे, मिटून खिशात ठेवायचे आणि मग विचारायचे, "जवळ कोण होतं?"

मयताच्या घरी भेटायला गेल्यावर आपण काय विचारतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. कसं झालं, कधीपासून आजारी होते, वय काय होतं. वय ऐकून मान हलवायची. कमी असेल तर एका तऱ्हेनं, जास्त असेल तर दुसऱ्या. सर यातलं काही विचारत नसत. सतरंजीच्या कडेला बसायचे आणि तो एकच प्रश्न. घरचे आधी गोंधळायचे, मग सांगायला लागायचे. धाकटी सून पाय चेपत होती. शेजारच्या अक्कांनी तोंडात पाणी घातलं. ज्या घरात कोणाच्या डोळ्याला पाणी नसे, तिथंही या प्रश्नाला एखाद्याचा गळा भरून यायचाच. सर सगळं ऐकून घ्यायचे, चष्मा लावायचे आणि 'येतो' न म्हणता उठायचे. अशा घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, ही रीत त्यांना शिकवावी लागली नसेल. मी मात्र ऐन विशीत धारवाडातच, मालमड्डीतल्या एका मयताच्या घरी "येते हं, परत येईन" असं गोड हसून सांगून आले होते. आईनं वाटेत दंडाला काढलेला चिमटा अजून आठवतो.

धारवाडच्या कॉलेजात इतिहास विभागात टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा आपल्याला इंग्रजी येतं अशी माझी ठाम समजूत होती. सर तिथं प्राध्यापक. काही वर्षं अमेरिकेत राहून आले होते, आणि येताना तिथून लोक फ्रिज, टेपरेकॉर्डर आणतात तसे एक ट्रंकभर कागद घेऊन आले होते. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण आपसात लढली, त्या लढाईत घरापासून लांब मेलेल्या पोरांच्या आयांना गेलेली पत्रं. कधी सोबतच्या शिपायानं लिहिलेली, कधी इस्पितळातल्या नर्सनं. सरांना त्यावर पुस्तक लिहायचं होतं. त्यांनी हातानं उतरवून काढायचं आणि मी टाइप करायचं.

पहिल्याच पत्राला मी रडले. दुसऱ्याला जास्त रडले. सर वर न बघता म्हणाले, "बाई, रिबनवर पाणी पडलं तर शाई पसरते."

त्या पत्रांत पोरं फार सुंदर मरायची. शांतपणे, आईची आठवण काढत, देवाचं नाव घेत. सोबत केसांची एखादी बट पाठवलेली असायची. मला ते इतकं भावलं की मी स्वतःचे शेवटचे शब्द ठरवून टाकले. इंग्रजीत. न्हाणीघराच्या आरशासमोर उभी राहून, मान जराशी कलती करून, म्हणून बघत होते. आईनं बाहेरून विचारलं, "काय पुटपुटतेस? बंब पेटवलास का?" बंब पेटवला नव्हता. ते शब्द आता एकही आठवत नाहीत, ही देवाची कृपा.

पुढे अळणावरचे मामा गेले. लाकडाची वखार होती त्यांची, आणि आवाज असा की वखारीतली करवत थांबावी. मी मामीला अमेरिकन थाटाचं सांत्वनाचं पत्र लिहिलं: मामा ओठांवर हसू ठेवून शांतपणे गेले असतील, वगैरे. तेराव्याला मामीनं सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, हसत गेले म्हणून लिहिलंस. कोण गेलं हसत? भावाला शिव्या घालत गेले. लग्नात फोटोवाल्यानं हात जोडले तरी हसले नव्हते."

सरांना हे सांगितलं, तेव्हा त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. डोळे पुसून म्हणाले, "तुमची मामी इतिहासाची विद्यार्थिनी व्हायला हवी होती." मग लगेच गंभीर झाले. "विशेषणं काढा, बाई. शांत, सुंदर, हसतमुख, सगळं काढा. काय उरतं ते बघा. बहुतेक वेळा काही उरत नाही."

हेच त्यांचं म्हणणं होतं. हजार माणसं मरतात आणि सगळी एकाच तऱ्हेनं मरतात, हे कसं शक्य आहे? लिहिणारा खोटं लिहीत होता. पुस्तकाच्या एका प्रकरणाचं नावच त्यांनी 'खोटी पत्रं' असं ठेवलं होतं. मी एकदा धीर करून म्हटलं, "सर, आपल्याकडे तर दुःखाचं कार्ड कोपरा फाडूनच येतं. दारातच वाचायचं, फाडून टाकायचं, घरात आणायचं नाही." सर म्हणाले, "आपण खरं लिहितो म्हणून फाडतो. ते खोटं लिहितात म्हणून पिढ्यान्पिढ्या जपून ठेवतात."

वाक्य चांगलं होतं. मी ते महिनाभर ज्याला त्याला ऐकवलं, माझंच असल्यासारखं.

वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, या सगळ्याला 'मढ्यांची ट्रंक' म्हणायच्या. ट्रंक स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून ठेवायला त्यांनी बंदी घातली होती. तशा आधुनिक; कन्नड नाटकांना एकट्या जायच्या, स्कूटर चालवायच्या. पण नवऱ्याचं नाव तोंडातून काढायच्या नाहीत. नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आजीनं सांगितलेलं मनात बसलेलं. बँकेत कारकुनानं "यजमानर हेसरु?" म्हणून विचारलं की मला कोपरानं ढोसायच्या आणि नाव मी सांगायचं. कारकून माझ्याकडे असा बघायचा की यजमान नेमके कोणाचे. हळदीकुंकवाला बायका उखाण्यासाठी मागे लागल्या की नावाच्या जागी 'प्रोफेसर' घालून मोकळ्या. सरही त्यांना नावानं हाक मारत नसत. "अगं." दिवसातून कितीदा तरी, नुसतं "अगं."

नोकरी संपल्यावर दोघांनी नवनगरात घर बांधलं. मी मागच्याच गल्लीत. मुलगी अमेरिकेत गेली, पुस्तक ट्रंकेतच राहिलं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वहिनींना हुबळीच्या इस्पितळात नेलं. अँब्युलन्समध्ये चढताना त्या एवढंच म्हणाल्या, "कुकरची शिट्टी झाली की गॅस बंद करा. नाहीतर वाचत बसाल." सरांना सोबत जाऊ दिलं नाही. नंतर भेटूही दिलं नाही. एका सकाळी फोन आला. प्लास्टिकच्या झग्यातल्या माणसांनी परस्पर नेलं. सर स्मशानात लांब, एका दोरीच्या अलीकडे उभे होते. चेहरा बघायला मिळाला नाही.

भेटायला कोणी आलं नाही. येण्यासारखे दिवसच नव्हते. फोन आले. कसं झालं, कधी नेलं होतं, ऑक्सिजन किती होता. ज्या माणसानं अख्ख्या धारवाडाला एकच प्रश्न विचारला होता, त्याला तो कोणी विचारला नाही. मीही नाही. उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

सर मात्र स्वतःच तो विचारत राहिले. इस्पितळाच्या नंबरावर फोन लावायचे. कोणी उचलायचं नाही, उचललं तर "नंतर करा." पुन्हा लावायचे. मी डबा फाटकावर ठेवायला जाई, तेव्हा व्हरांड्यात फोन कानाला धरून बसलेले दिसायचे. चष्मा खिशात.

मग एक दिवस मी डबा ठेवला तर म्हणाले, "बाई, थांबा." मी फाटकाबाहेर, ते पायरीवर, दोघांच्या तोंडाला मास्क.

"काल फोन आला. वॉर्डातली नर्स होती. गदगकडची असावी, बोलण्यावरून. म्हणाली, अज्जी शांतपणे गेल्या, त्रास झाला नाही. मी हात धरला होता. शेवटपर्यंत निम्म हेसरु हेळ्तिद्रु री."

तुमचं नाव घेत होत्या.

"खोटं आहे," सर म्हणाले.

"हो, सर."

"तिनं माझं नाव घेणं शक्यच नाही. मला मारायचं असतं तरच घेतलं असतं."

आम्ही दोघंही हसलो. मास्कमुळे ते बाहेर कितपत दिसलं कोण जाणे.

"मी रात्रभर विचार केला, बाई. तिथं एका खोलीत किती माणसं मरत होती. त्या पोरीला जेवायला वेळ नसेल. तरी तिनं ही बाई कोण, हिचा नवरा कोण, नंबर कुठला, हे शोधून काढलं आणि माझ्याशी खोटं बोलायला फोन केला. उगीच कोण करेल? जी जवळ होती तीच करेल." "नावाचं खोटं. हाताचं खरं असणार."

मी म्हटलं, "असणार, सर."

"ते प्रकरण माझं चुकलं."

"परत टाइप करू?"

"नको. आता कोण वाचतंय." आणि डबा उचलून आत गेले.

त्यानंतर दोन वर्षं ते होते. पुन्हा भेटायला जाऊ लागले. तोच प्रश्न विचारायचे. फक्त उत्तर ऐकल्यावर 'विशेषणं काढा' असा जो चेहरा पूर्वी व्हायचा, तो होत नसे. कोणी म्हणालं, बाबा हसत गेले, तर म्हणायचे, "बरं झालं." माझ्या मामीनं हे ऐकलं असतं तर त्यांना वर्गाबाहेर काढलं असतं.

शेवटी शेवटी हृदय थकत चाललं होतं. मुलगी येऊन राहून गेली, पुन्हा येणार होती. मी दुपारी पेज घेऊन जायचे आणि तासभर बसायचे. माझी नात म्हणते, आजी, तुम्ही दोघं काय बोलायचात? काही नाही. मी वाती वळायचे, ते छताकडे बघायचे.

गेले त्या दिवशीही तसंच. मुलीला फोन मीच केला. तिकडे पहाट होती. तिनं बापाच्याच आवाजात विचारलं, "मावशी, जवळ कोण होतं?"

"मी होते गं. हात धरला होता."

"काही म्हणाले?"

तुम्हाला खरं सांगते, ट्रंकभर पत्रं माझ्या बोटांत होती. कुठलंही उघडून वाचून दाखवता आलं असतं, आणि तिनं ते जन्मभर जपलं असतं. पण बनवायची गरज पडली नाही. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली होती. सरांनी डोळे उघडले आणि स्पष्ट म्हणाले, "अगं, गॅस."

एवढंच. तेच तिला सांगितलं. मला त्यांनी जन्मात 'अगं' म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं.

मुलगी फोनवर रडायला लागली. मी तिला रडू दिलं. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? हात सोडवेना, गॅस माझ्या घरचा नाही, शिट्टी भिंतीपलीकडची." मी म्हटलं, "त्यांना सांगितलं, केला हो बंद."